पाहिलं, मोजलं, ऐकलं

त्यांनी मला पहिल्यांदा लिहिलं ते एवढंच : "नाव अर्धं आहे. परत पाठवा."

तेव्हा मी वसमतच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागून दीड महिना झाला होता. तिथे हळद शिजवायचे कुकर बनत. ट्रॉलीवर पाण्याची टाकी, टाकीखाली भट्टी. टाकीतली वाफ पाइपातून दोन मोठ्या ड्रममध्ये जाते आणि ड्रममधली हळद शिजते. मी मेकॅनिकल इंजिनीअर. ड्रॉइंग काढायची आणि तपासणीच्या कागदावर सही करायची, हे माझं काम. त्यातही सहीपुरतीच माझी गरज आहे हे दुसऱ्या दिवशीच कळलं होतं.

कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं होतं की वाफेवर काम करणाऱ्यांची एक ईमेल यादी आहे. एका पत्त्यावर लिहिलं की ते सगळ्या सभासदांना पोचतं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक बॉयलर इंजिनीअर ती चालवतात आणि वसमतलाच राहतात. मी अर्ज केला. नावाच्या जागी माझं नाव आणि आडनावाचं एक अक्षर टाकलं.

मी एका अक्षरावर भागवते त्याला कारण आहे. पूर्ण आडनाव सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांत जी जुळवाजुळव सुरू होते, ती मी हिंगोलीच्या इंग्रजी शाळेत पहिलीपासून बघत आले आहे. त्यामुळे "नाव अर्धं आहे" वाचल्यावर मला वाटलं, हेही त्यातलेच. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग पूर्ण नाव पाठवलं, कारण यादी वाचायची होती.

उत्तरात नियम आले. दर महिन्याच्या एक तारखेला ते सगळ्यांनाच येत, जुन्या सभासदांनाही. पहिला नियम असा होता की प्रत्येक पत्राचा पहिला शब्द तीनपैकी एक असला पाहिजे : पाहिलं, मोजलं किंवा ऐकलं. स्वतःच्या हाताने मोजलं असेल तरच "मोजलं". नुसतं डोळ्यांनी दिसलं तर "पाहिलं". बाकी सगळं "ऐकलं", मग ते मोठ्या साहेबाकडून का ऐकलेलं असेना. पुढे होतं : विषयाच्या ओळीत "अर्जंट" लिहू नये, अर्जंट हा विषय नाही. वाद आकड्याशी घालावा, माणसाशी घालू नये. दोष सांगताना भागाचं नाव लिहावं, कंपनीचं लिहू नये. यादीवर काही विकू नये. यादीवर आभार मानू नयेत, ज्याचे मानायचे त्याला वेगळं लिहावं, बाकीच्यांनी ते का वाचायचं? सणाच्या शुभेच्छा पाठवणारा पंधरा दिवस बंद.

हा शेवटचा नियम ते खरोखर पाळत. एका संक्रांतीला कुठल्याशा खात्याच्या बड्या इंजिनीअरने यादीवर तिळगुळाचं चित्र पाठवलं. ते पंधरा दिवसांसाठी बंद झाले. ते गृहस्थ तिळगुळाचा डबा घेऊन ह्यांच्या घरी आले. ह्यांनी तिळगूळ खाल्ला, छान झाला म्हणाले आणि म्हणाले, "अजून अकरा दिवस राह्यले साहेब."

"आता व्हॉट्सॲप आहे, ईमेल कोण वाचतं?" असं कुणी म्हटलं की ते म्हणत, "तिथं माणसं वाचायच्या आधी अंगठा दाखवतेत."

मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते आमच्या वर्कशॉपमध्ये. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन्ही मनगटांवर घड्याळं. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, मग दुसरी घेतली, तीही हलवून पाहिली. आमचे मालक त्यांच्या पाठीवर थाप मारून हसत होते. चहा आला. त्यांनी आधी कपाला बाहेरून तळहात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग प्याले. जाताना मालक म्हणाले, "सीझन सुरू व्हायच्या आत येऊन जा पुन्ना, साहेब." ते "व्हय व्हय" म्हणाले.

ते कोण ते मला ते गेल्यावर कळलं. कळल्यावर वाटलं ते असं, की यादीचा माणूस मालकाच्या घसटीतला आहे. ही गोष्ट मी लक्षात ठेवली.

तीन दिवसांनी मला वायसर दिसले.

टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत स्प्रिंग असते. वाफेचा दाब वाढला की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि वाफ बाहेर सोडतो. आमच्या कुकरचा व्हॉल्व्ह दोन किलो दाबाला उघडला पाहिजे असं माझ्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं. एका व्हॉल्व्हची टोपी उघडी पडली होती आणि स्प्रिंगला दाबून ठेवणारे दोन जादा वायसर, म्हणजे वॉशरच्या चकत्या, आत बसवलेले दिसत होते. तीन कुकर तयार होते, तिन्हींत तेच. जेवणाच्या सुट्टीत मी टाकीत पाणी भरलं, हातपंप जोडला आणि दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत दाब वाढवत नेला. दोन झाले. तीन झाले. चारवर काटा आला तरी व्हॉल्व्ह उघडला नाही. मी घाबरून दाब सोडला.

पंधरा दिवसांनी ते तिन्ही कुकर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडे जायचे होते. भट्टी पेटवणारी माणसं टाकीपासून चार हातांवर उभी असतात. आणि तपासणीच्या कागदावर माझी सही लागणार होती.

मालकांना विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी फार बोलत नाही. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोललं की हसत, त्यामुळे गप्प राहायची सवय दोन्हीकडून लागली. लिहायला मात्र येतं. मी यादीवर लिहिलं :

"मोजलं. हळदीच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोन किलोला उघडायला हवा. चार किलोला उघडला नाही. स्प्रिंगवर दोन जादा वायसर आहेत. असं इतर ठिकाणी आढळलं आहे का?"

नव्या सभासदाची पहिली तीन पत्रं ते आधी स्वतः वाचत आणि मग सोडत. माझं पत्र सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा एका ओळीचा प्रश्न आला : "दाब सोडल्यावर काटा कुठं होता?"

मला तो प्रश्न टोलवाटोलवीचा वाटला. दाब सोडल्यावर काटा कुठे असणार? मी लिहिलं, "पत्र कधी सोडणार ते कळवावं." त्यावर उत्तर आलं : "तुमी कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं?"

म्हणजे हे मालकाला सांगणार, किंवा सांगून झालेलंच असणार. त्या दिवसापासून मी वर्कशॉपमध्ये प्रत्येकाकडे त्या नजरेने बघू लागले. मालक फोनवर हळू बोलले की वाटे, माझंच चाललंय. फिटर चाचा, म्हणजे व्हॉल्व्ह जोडणारे म्हातारे कारागीर, माझ्याकडे बघून हसले की वाटे, ह्यांनाही माहीत आहे. पाच दिवस असे गेले. कागद माझ्या टेबलावर सहीसाठी येऊन पडले. मी एकदा डोकं दुखतंय म्हटलं आणि एकदा पेन विसरलं म्हटलं.

सहाव्या दिवशी दुपारी, कशामुळे कोण जाणे, मी जाऊन ते गेज पाहिलं. पंप जोडलेला नव्हता. टाकी रिकामी होती. दाब नव्हताच. काटा एकवर होता.

मी काचेवर टिचकी मारली. काटा एकवरच.

म्हणजे त्या गेजचे चार हे खरे तीन होते. वायसर खरे होते, धोका खरा होता, पण माझा आकडा खोटा होता आणि मी वर "मोजलं" लिहिलं होतं. ते पत्र सुटलं असतं तर मालकाला फक्त ते गेज उचलून चार लोकांना दाखवायचं होतं. पुढे वायसरचं कुणी ऐकलंच नसतं.

संध्याकाळी सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. कपाळाला ओला रुमाल बांधलेला होता. मी परत निघाले तर म्हणाल्या, "बस माय, बस. ताप हाय की न्हाई तेच अजून ठरून नाही राह्यलं."

आत ते थर्मामीटर स्वतःच्या तोंडात धरून बसले होते.

"बघ," काकू म्हणाल्या. "ताप मला, अन् थर्मामीटर ह्यांच्या तोंडात. आधी ह्यांला बराबर दाखवतंय का ते बघायचं, मग धुवायचं, मग मला. तवर माझा ताप उतरून जातो."

त्यांनी थर्मामीटर काढून उजेडात पाहिलं. "बराबर हाय," म्हणाले आणि धुवायला उठले. मग मला पाहून थांबले. "कोण तुमी?"

मी नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं.

"मालकानं पाठवलं?"

"नाही."

"मग दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपवाल्यानं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "काटा एकवर होता."

ते खाली बसले. काकूंनी त्यांच्या हातातून थर्मामीटर घेतलं आणि आपलं आपण लावलं.

"गेल्या सीझनला एकानं असंच लिवलं," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कुकरचा आकडा. म्या इस्वासानं सोडलं. खोटं निघालं. त्या दुसऱ्या माणसाचा एक कुकर नाही खपला त्या सालात. म्हून म्या आता सगळ्यांवर संशय घेतो. तुमच्यावर काहून नाही घ्यायचा?"

"मीही घेतला," मी म्हटलं. एवढं मी सहसा बोलत नाही. "तुम्ही मालकांकडे चहा प्यायला आला होता."

"चहा तर म्या सगळ्याकडं पितो. वर्कशॉपात काय चालू हाय ते चहा पिल्याबिगर कसं दिसंल?"

"आणि आडनाव कशाला हवं होतं?"

"नाव अर्धं लिवलं की माणूस अर्धाच सापडतो. उद्या काही फुटलं तर कुणाच्या दारात जाऊन पुसायचं? आडनाव म्या वाचत न्हाई. गाव वाचतो."

हे माझ्या गळी लगेच उतरलं असं नाही. असं बोलणारे पुष्कळ भेटलेत.

त्यांच्यापुढे टेबलावर एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही होती. पानावर नावांची ओळ आणि प्रत्येक नावापुढे तांबड्या शाईने अधिक-उणेचे आकडे. मी वाकून पाहतेय हे लक्षात येताच त्यांनी पानावर तळहात ठेवला. कपावर ठेवत तसाच.

"हे काय आहे?"

"माणसांचं गेज," काकू म्हणाल्या. "कोण किती वाढवून सांगतो त्याचं. माझं बी नाव हाय त्यात. म्या म्हनलं, मीठ जरा जास्ती पडलं, तर हे पाणी किती घालायचं ते वहीत बघून घालतेत."

"मीटरची चूक कळली की मीटर फेकून देत न्हाईत," ते म्हणाले. "तेवढं वजा करतेत अन् वापरतेत. माणसाचं बी तसंच."

मग त्यांनी कपाटातून नातवाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. पितळी कडेचं गेज होतं, तबकडी पिवळी पडलेली. "हे दरसाली तपासून आणतो. डिक्कीत टाकू नका. पिशवीत टाकू नका. मांडीवर न्या."

मी ते ऑटोत मांडीवर घेऊन गेले. शेजारच्या बाईने दुपटं पाहून जरा सरकून जागा दिली आणि विचारलं, "किती महिन्याचं?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेज जोडत असताना मागे चाचा येऊन उभे राहिले. माझा हात थांबला.

"वो वायसर मैंने डाले," ते म्हणाले. मग माझ्यासाठी मराठीत : "शेतकरी बोंब मारतेत ना बेटी. शिट्टी वाजली की म्हणतेत वाफ गेली, लाकूड वाया गेलं. दुसऱ्याचा कुकर शिट्टी नाही मारत, तुमचाच काहून मारतो? मालिक बोले, दोन टाक. म्या टाकले."

मी गेज घट्ट बसवलं.

"पंप म्या मारतो," चाचा म्हणाले. "तुमी काट्याकडं बघा. एकटीला दोन्ही नाही होत."

आधी मी काटा पाहिला. शून्यावर होता. चाचा पंप मारू लागले. दोन. अडीच. तीन. चाचांच्या मानेवरच्या शिरा दिसायला लागल्या. साडेतीनला व्हॉल्व्ह उघडला आणि पाण्याचा फवारा आम्हा दोघांच्या अंगावर आला. चाचा नखशिखांत भिजले. "या अल्ला," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पाणी हाय म्हून बरं."

त्या संध्याकाळी मी पत्र पुन्हा लिहिलं. साडेतीन लिहिलं, गेज कुणाचं ते लिहिलं, दाबाशिवाय काटा शून्यावर होता ते लिहिलं आणि माझ्या पहिल्या पत्रातला आकडा चुकीचा होता तेही लिहिलं, जरी ते पत्र त्यांच्याशिवाय कुणी वाचलंच नव्हतं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, गाव. पाठवायच्या आधी मी आडनावाकडे बराच वेळ बघत बसले.

पंधरा मिनिटांत पत्र सुटलं.

पहिलं उत्तर सेनगावहून आलं. त्यात एकच ओळ होती. "पाहिलं. आमच्याकडेही दोन वायसर." मग कळमनुरीहून. "पाहिलं. एक वायसर. उद्या काढतो." मग वसमतच्याच एका वर्कशॉपमधून, ज्याचं नाव आमचे मालक तोंडातसुद्धा घेत नसत. "मोजलं. तीनला उघडला. काढले." दोन दिवसांत अशी सात पत्रं आली. कुणी आभार मानले नाहीत. नियमच होता.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते चिडलेले नव्हते, त्याची मला जास्त भीती वाटली.

"म्याडम, वर्कशॉपचं नाव नाही लिवलं तुमी. बराबर केलं. पण तुमचं नाव लिवलं. तुमी कुठं काम करता ते वसमतमधल्या लेकराला बी ठाऊक हाय."

"हो."

"सगळ्यांकडं होते वायसर. आपल्या एकट्याकडं नव्हते."

"हो."

"मग आपणच काहून पयले?"

तेवढ्यात बाहेर टणकन आवाज झाला. आम्ही दोघांनी काचेतून पाहिलं. चाचा तिसऱ्या कुकरवर चढून वायसर काढत होते आणि खाली पत्र्याच्या डब्यात टाकत होते. कुणी सांगितलं नव्हतं. मालक बघत राहिले आणि मग म्हणाले, "कागद आणा. करा सही."

तीन कुकर शिट्टी मारणारे होऊन गोरेगावला गेले. माझी सही होती. महिना संपला तेव्हा मालकांनी मला शांतपणे सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघा. मीही शांतपणे हो म्हटलं.

गेज परत करायला गेले तेव्हा त्यांनी आधी काच पाहिली, मग काटा, मग दुपट्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा डाग कसला ते विचारलं. नोकरीबद्दल काही बोलले नाहीत. मी पुण्याला निघाले त्या दिवशी मात्र ते वसमतच्या बसस्टँडवर आले. माझ्याशी बोलायच्या आधी एसटीला एक फेरी मारली आणि चारही बाजूंच्या टायरना अंगठा लावून पाहिला. ड्रायव्हर म्हणाला, "काय पाह्यता काका?" ते म्हणाले, "लेकरू बसून राह्यलं गाडीत." मग मला म्हणाले, "बसा. मागच्या डाव्यात हवा जरा कमी हाय. पुढं बसा."

आता मी पुण्याजवळ एका कारखान्यात आहे. मागच्या महिन्यात तिथे एसटी पार्सलची चिठ्ठी आली. स्वारगेटला जाऊन सोडवून आणलं. आत ती कापडी पुठ्ठ्याची वही होती आणि एक पत्र. अक्षर काकूंचं, बोलणं त्यांचं.

"डोळ्यात मोती वाढला. ऑपरेशन केलं तरी तबकडीवरचे आकडे सरकतेत. म्या आता मोजू शकत न्हाई अन् पाहू बी शकत न्हाई. फक्त ऐकलं तेवढं राह्यलं. ऐकलेल्या माणसानं यादी चालवू नये. तुमी चालवा. एक तारखेला नियम पाठवायचं विसरू नका. आभार मानू नका."

मी वही उघडली. नावं गावांप्रमाणे लावली होती, आखाडा बाळापूर, औंढा, कळमनुरी, अशी. प्रत्येकाचं नुसतं नाव आणि गाव. शेवटच्या पानापर्यंत पाहिलं, आडनाव एकाचंही नव्हतं.

माझी ओळ हिंगोलीखाली सापडली. "अधिक एक" लिहिलेलं होतं, त्यावर काट मारलेली होती आणि पुढे शून्य.

वसमतखाली त्यांची स्वतःची ओळ होती. ती सगळ्यांत लांब होती, दोन पानं भरून. कुठे अर्धा किलो चूक, कुठे चार अंशांची. शेवटच्या नोंदीत तारखेच्या जागी माझ्या पत्राची तारीख होती : "पोरीवर संशय. सहा दिवस."

मी पेन उघडलं. माझ्या ओळीत, त्या शून्याच्या पुढे, मलाही तशीच संशयाच्या दिवसांची नोंद करायची होती. त्यांच्यावर माझा संशय "नाव अर्धं आहे" वाचलं त्याच दिवशी सुरू झाला हे मला पक्कं माहीत होतं. संपला कधी ते आठवत बसले. गेजपाशी, की त्यांच्या घरी, की बसस्टँडवर, की आत्ता आडनावं नसलेली ती पानं उलटताना?

मोजलेलं नव्हतं. मी पेन बंद केलं.